माटवीतल्या पपनसाची साल

विसर्जन झालं की आमच्याकडे, सिंधुदुर्गात, माटवी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगलेली लाकडी चौकट, उतरवतात. त्यातलं पपनस फोडून सगळे खातात आणि बोटभर जाडीची साल परसात जाते. यंदा ती मी पाकात मुरवून गोड फोडी करायला ठेवून घेतली. एका फळाची साल अर्धा किलो भरली.

पहिल्या खेपेला घाई नडली. फोडी एकदाच उकळून थेट घट्ट पाकात टाकल्या. तासाभरात त्या आकसून चामड्यासारख्या झाल्या, आणि चव घशाला लागेल इतकी कडू. कारण नंतर कळलं. घट्ट पाक सालीतलं पाणी ओढून घेतो, आणि एकदा साखर लागली की साल पुढे मऊ होत नाही. म्हणजे मऊ करायचं काम पाकाआधीच संपवायला हवं.

दुसऱ्यांदा सासूबाई मदतीला बसल्या. वरची हिरवी साल पातळ तासून काढली, कारण तिच्यातलं तेल फार उग्र असतं. पांढऱ्या भागाच्या बोटभर लांब फोडी करून मिठाच्या पाण्यात रात्रभर बुडवल्या. सकाळी उकळलं, पाणी ओतलं, फोडी थोड्या निवल्यावर तळहातांत धरून स्पंजासारख्या पिळल्या. असं चार वेळा. पपनसाचा कडूपणा मुख्यतः नारिंजिन या सालीतल्या द्रव्याचा, आणि ते पाण्यात उतरतं. चौथ्या पाण्यानंतर मी एक फोड चावली. किंचित कडसर होती, आणि तेवढी राहू द्यावी, हे माझं ठाम मत आहे. सगळा कडवटपणा गेला तर नुसती साखर खाल्ल्यासारखं लागतं. नखाने दाबली की फोड सहज तुटली, तेव्हाच थांबले.

मग अर्धा लिटर पाण्यात अर्धा किलो साखर विरघळवून, पातळ पाकात फोडी मंद आचेवर वीस मिनिटं. गॅस बंद, झाकण घालून रात्रभर मुरत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच, तिसऱ्या दिवशी पाक एकतारी होईपर्यंत. सासूबाईंनी शेवटी अर्ध्या लिंबाचा रस पिळला. म्हणाल्या, "मोरावळ्यालाही घालतो ना आपण? साखर धरत नाही." लिंबाच्या आम्लाने साखर थोडी फुटते, म्हणून खडे बनत नाहीत. फोडी काचेसारख्या पारदर्शक झाल्या, तो क्षण मी विसरणार नाही.

वाळवणं मात्र जड गेलं. भाद्रपदातल्या कोकणात उन्हाचा भरवसा कुठला! दोन दिवस पंख्याखाली ठेवूनही बोटांना चिकटत होत्या. शेवटी ओव्हन शंभर अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, पाऊण तास. वरून साधी साखर. पिठीसाखर लावून पाहिली, ती ओलावा पिऊन ओघळली.

आता दोन बरण्या भरल्या आहेत, एक नाताळच्या केकसाठी राखून ठेवली आहे. उरलेला पाक बाटलीत आहे. एक चमचा पाक, लिंबू आणि गार पाणी, की दुपारचं सरबत तयार.