तुम्ही विचारलंत म्हणून: मी चोरांची बाजू का घेते

हा प्रश्न मला पालकसभेत विचारला गेला आहे, लग्नाच्या हॉलमध्ये विचारला गेला आहे, आणि एकदा तेराव्याच्या पंगतीतही. "पारध्यांच्या पोरांसाठी तुम्ही रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जाऊन बसता, पण जिच्या गळ्यातली साखळी गेली, तिच्याकडे कधी जाता का?" विचारणारी माणसे वाईट नसतात, हे मला ठाऊक आहे. वीस वर्षांत मी दर वेळी त्या-त्या प्रसंगाला शोभेल असे अर्धेमुर्धे उत्तर देत आले. आज पूर्ण उत्तर देण्याचा प्रयत्न करते.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मी पोलिसांचा द्वेष करत नाही. माझे मामा हवालदार होते आणि वरळीच्या बीडीडी चाळीत, एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत, सहा माणसांचा संसार त्यांनी केला. गणपतीचे दहाही दिवस ते घरी दिसत नसत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पाय गरम पाण्यात बुडवून बसलेले मामा मी पाहिले आहेत. आठ तासांच्या पाळीचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात सुरू झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. त्यामुळे पोलिसांचे हाल मला कोणी समजावून सांगू नयेत. बारा-चौदा तास उभा राहिलेला माणूस चिडतो, हे मला मान्य आहे. पण तो चिडल्यावर हात कोणावर उचलतो, हे ठरलेले असते, आणि माझे सगळे म्हणणे त्या ठरलेपणाबद्दल आहे.

२५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड यांच्या मानेवर गुडघा दाबून धरला आणि ते गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांत हळहळ व्यक्त झाली. मी पारध्यांचा विषय काढला, तर त्याच घरांतून उत्तर आले, "तिकडचा प्रश्न कातडीच्या रंगाचा आहे, आपल्याकडे तसे काही नाही." पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा, इंग्रजांनी १८७१ पासून निरनिराळ्या रूपांत राबवलेला गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि पोलीस ठाण्यातल्या माणसाच्या मनात जन्मावरून चोर ठरवण्याची रीत तशीच राहिली. परिसरात मोबाईल चोरीला गेला की पुलाखालच्या वस्तीतून कोणीतरी उचलला जातो. आडनाव ऐकले की तपास संपतो. याला वंशभेद म्हणायचे नसेल तर दुसरा शब्द तुम्ही सुचवा, मी तो वापरीन.

आता ज्या रात्रीबद्दल मी आजवर कोणाला नीट सांगितले नाही, त्या रात्रीबद्दल लिहिते. २०११ सालचा जून होता. दादरच्या बाजारातून फुले आणून गजरे करून विकणाऱ्या एका बाईचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाईल चोरीच्या संशयावरून संध्याकाळी उचलला गेला. मी साडेआठला पोलीस ठाण्यात पोहोचले. "अटक कुठे केली आहे? नुसते चौकशीला आणले आहे," असे उत्तर मिळाले. हे वाक्य कशासाठी असते, हे मला तेव्हाही कळत होते: अटक नाही म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे चोवीस तासांत न्यायालयापुढे हजर करण्याचे घड्याळ सुरूच होत नाही. अटक करताना पोलिसांनी काय पाळायचे हे सांगणाऱ्या, सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालाची झेरॉक्स माझ्या पिशवीत कायम असे. अटकेचा मेमो, त्यावर साक्षीदाराची सही, नातेवाइकांना खबर, वैद्यकीय तपासणी, हे सगळे मी ठाणे अंमलदारांना वाचून दाखवले. वाद झाला, फोन झाले, आणि अकराच्या सुमाराला कागद तयार झाला. मुलाला सरकारी रुग्णालयात नेऊन आणले. अंगावर इजा नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले, आणि त्या वेळी ते खरे होते. अधिकाऱ्यांनी मला चहा दिला. "मॅडम, आता तुम्ही निश्चिंत मनाने घरी जा," ते म्हणाले.

मुलाची आई म्हणाली, "बाई, रातभर हितंच बसू." मी तिला सांगितले की आता सगळे कागदावर आले आहे, आता कोणी हात लावायची हिंमत करणार नाही. शेवटची गाडी चुकू नये म्हणून मी निघाले. ती मात्र गेली नाही. ठाण्यासमोरच्या फुटपाथवर, बंद दुकानाच्या पायरीवर ती बसून राहिली. डिटेक्शनच्या, म्हणजे तपास पथकाच्या, खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे, हे तिला माहीत होते. मला नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी न्यायालयाच्या व्हरांड्यात तिने मुलाच्या चपला पिशवीतून काढून त्याच्या पायाशी ठेवल्या. उचलताना त्या पुलाखालीच राहिल्या होत्या. निळ्या पट्ट्यांच्या, त्याच्याच मापाच्या रबरी चपला होत्या. त्याने पाय पुढे केला, पण पाय पट्ट्याखाली शिरेना. तळवा सुजून इतका जाड झाला होता की बोटे जमिनीला टेकत नव्हती. तो टाचेच्या कडेवर तोल सावरत उभा होता. आईने काही न बोलता चपला परत पिशवीत घातल्या.

आत दंडाधिकाऱ्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" तो म्हणाला, "नाही." मी मागच्या बाकावर होते. मी वकील नव्हते, मला बोलण्याचा अधिकार नव्हता, पण मोफत मिळालेले वकील माझ्यापासून चार हातांवर उभे होते आणि त्यांच्या कानात एक वाक्य सांगणे अशक्य नव्हते. मी गप्प राहिले. तीन दिवसांची पोलीस कोठडी मिळाली आणि तो त्याच ठाण्यात परत गेला.

त्या काळात मी प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायची की आमची मुले निरपराध आहेत. आज मला ते बोलणे चुकीचे वाटते. त्या मुलाने मोबाईल चोरला होता की नाही, मला माहीत नाही. मी त्याला कधी विचारलेही नाही. निरपराध आहे म्हणून मारू नका, असे म्हणताना अपराधी असेल तर मारा, ही परवानगी मी नकळत देत होते. साखळी गेलेल्या बाईला न्याय मिळायलाच हवा, पण तो कोणाच्या तळपायावर पट्टा मारून मिळत नाही; मिळतो तो एक कबुलीजबाब, आणि खरा चोर मोकळाच राहतो.

डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा कोठडीत मृत्यू झाला. त्याने दंडाधिकाऱ्यांपुढे मारहाणीची तक्रार केली नव्हती, असे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. पुढे गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ते विधान ऐकले त्या संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर त्या निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. ज्यांच्या ताब्यात परत जायचे आहे त्यांच्यासमोर उभे राहून दिलेल्या "नाही"ला आपण उत्तर कसे मानतो?

तरीही मी तेव्हा बोलायला हवे होते का, याचा निकाल माझ्याच मनात लागलेला नाही. काही वर्षांनी त्या मुलाने स्वतःहून विषय काढला. "ताई, तुम्ही बोलला असता तर ते तीन दिवस मला लई जड गेले असते," तो म्हणाला. ओळखीच्या वकिलांचे मत नेमके उलटे आहे: त्याच वेळी तपासणीची मागणी झाली असती तर कदाचित कोठडीच मिळाली नसती. दोघांचेही मला पटते, आणि कोणाच्याही म्हणण्याने झोप लागत नाही. त्या जूननंतर मी कोणालाही आत ठेवून शेवटच्या गाडीने घरी गेलेले नाही. लोकांना जे रात्री-अपरात्री ठाण्यात बसणे दिसते ते हेच.

त्याची आई अजून त्याच पुलाखाली गजरे करते. मी गेले की एक गजरा माझ्या हातात ठेवते, पैसे घेत नाही. त्या रात्री खिडकीतून तिला काय ऐकू आले, हे मी तिला अजून विचारलेले नाही.