पंधरापैकी चौदा

मुलांना दगड दाखवायला नेलं की शिक्षकाचं निम्मं काम डोकी मोजण्याचं असतं. बसमधून उतरताना, खडकापाशी पोचल्यावर, डबे खाऊन झाल्यावर, निघताना. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं घेऊन मी दर ऑक्टोबरात डार्टमूरवर हेटॉरला जाते. या खेपेला धुकं उतरलं तेव्हा मोजली तर चौदा भरली. हवी होती पंधरा.

हेटॉर म्हणजे इंग्लंडमधल्या डेव्हनच्या उघड्या माळावर, 457 मीटर उंचीवर उभे असलेले ग्रॅनाइटचे दोन अजस्र खडक. भोवती आडोसा नाही. हेदरची खुरटी झुडपं, पाणी धरून ठेवणारी काळी माती, मोकळी चरणारी तट्टं आणि वारा. मी पुण्यात शिकले, सह्याद्रीत हिंडले. आपल्याकडे कड्यावर आडवे पट्टे दिसले की ते लाव्हाचे थर, एकावर एक पसरलेले, हे डोळ्यांत इतकं मुरलेलं असतं की हेटॉर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मनातल्या मनात थर मोजायला लागले होते. तिथेही आडव्या रेघा आहेत, गोधड्यांची चळत रचावी तशा. पण ते थर नाहीत, भेगा आहेत. हा ग्रॅनाइट सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात, काही किलोमीटर खोल, सावकाश थिजला. मग वरचा खडक झिजत गेला. डोक्यावरचा भारा उतरला की मान वर येते, तसा खालचा ग्रॅनाइट सैलावला आणि जमिनीला समांतर तडकला. हे मुलांना तोंडाने सांगायचं नाही, त्यांनी चित्र काढता काढता ओळखायचं, यावर माझा सगळा भर असतो.

हातोडे बसमध्येच राहतात. जागा संरक्षित आहे, टवका उडवायला मनाई. मला ते बरंच वाटतं. हातोडा हातात असला की मुलं आधी फोडतात, मग बघतात. इथे नाक दगडाला लावावंच लागतं. बोट ओलं करून खडकावर फिरवलं की फेल्स्पार या खनिजाचे पांढरे स्फटिक उठून दिसतात, काही करंगळीएवढे लांब, कडा सरळ, आणि मधे राखाडी क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटीचं खनिज, काचेसारखा चमकतो. खडकाच्या पायथ्याशी तोच ग्रॅनाइट कुजून मुठीत चुरा होतो. आधी खोलवर असा कुजला आणि मग वरचा भुसा वाहून जाऊन टणक गाभा उरला, असं ब्रिटिश भूगोलतज्ज्ञ लिंटन यांनी 1955 साली मांडलं. हिमयुगातल्या गोठण्या-वितळण्याला जास्त श्रेय देणारेही आहेत. मी दोन्ही बाजू सांगते आणि मुलांना भांडू देते.

त्या दिवशी मी प्रत्येकाला खडकाचा एकेक भाग वाटून दिला होता. दोन सूचना दिल्या होत्या. चित्र पुरं होईपर्यंत जागा सोडायची नाही. आणि गळ्यातली शिट्टी फक्त संकटात वाजवायची, मिनिटाला सहा वेळा.

धुकं दहा मिनिटांत आलं. मी मुलांना हाका मारून मोठ्या खडकाच्या आडोशाला गोळा केलं. चौदा. पुन्हा मोजली. चौदाच. पंधरावा मुलगा वर्गात कधी तोंड न उघडणारा, शेवटच्या बाकावरचा. मला आठवली ती उत्तरेकडची जुनी खाण. लंडन ब्रिजसाठी, 1831 साली खुल्या झालेल्या पुलासाठी, याच माळावरून दगड गेला, आणि खाणीत आता पाणी साचलेलं आहे. सहकाऱ्याला मुलांपाशी थांबवलं आणि शिट्टी वाजवत निघाले. उत्तर नाही. ओल्या दगडाला हात लावत पश्चिमेच्या खडकाला वळसा घातला, तर हा पाठ टेकून बसलेला, कागदावर ओणवा, केसांतून पाणी ठिबकतंय.

मी फार जोरात ओरडले. सगळ्यांपर्यंत ऐकू गेलं असणार. शिट्टी ऐकली नाहीस का? तो म्हणाला, "ऐकली, मॅडम. पण संकटातच वाजवायची म्हणालात. मी संकटात नव्हतो. चित्र राहिलं होतं."

बसमध्ये त्याचा कागद पाहिला. वर भेगा दाट, बोटभर अंतरावर, खाली जाताना विरळ होत गेलेल्या, प्रत्येक अंतर पावलं आणि वितीत मोजून लिहिलेलं. समासात एक ओळ: 'वजन वरून निघालं असेल तर वरच जास्त तडकेल?' जे मी दुपारी फळ्यावर काढून दाखवणार होते, ते त्याने धुक्यात एकट्याने गाठलं होतं. खालचा तिसरा हिस्सा कोरा. तिथेच मी त्याला उठवलं.

अशा प्रसंगाचा फॉर्म भरावा लागतो. कारणासाठी एकच ओळ असते, आणि तिथे विद्यार्थ्याची चूक लिहिली की फाइल बंद होते. मी लिहिलं, 'विद्यार्थ्याने दोन्ही सूचना पाळल्या.' फॉर्म परत आला, कारण नीट लिहा म्हणून. सोबत प्रस्ताव: यापुढे कोणीही एकट्याने चित्र काढू नये. ज्यांनी तो लिहिला त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत माळावर पाऊल ठेवलेलं नाही. गटात बसवलं की एकजण काढतो आणि बाकीचे उतरवून घेतात, हे मी दर वर्षी बघते.

दुसऱ्या दिवशी वर्गात, सगळ्यांसमोर, मी त्याची माफी मागितली. ओरडले सगळ्यांदेखत होते. तो मान खाली घालून हसला आणि चित्र परत मागितलं.

शिट्टीचं वाक्य मात्र अजून जमत नाही. ऐकू आली की प्रत्येकाने उत्तर द्या म्हटलं, तर धुक्यात पंधरा शिट्ट्या एकदम वाजतील आणि हरवलेली कोणती ते कळणार नाही. मी वाजवली की ज्याला मी दिसत नाही त्यानेच तीनदा वाजवावी, असं लिहून पाहिलंय. मार्चमध्ये दुसरी तुकडी न्यायची आहे. बसमध्ये एक जागा त्याच्यासाठी धरली आहे, खालचा हिस्सा राहिलाय म्हणून.