आईबाबांना घेऊन ग्रीस: व्हिसाची फाईल आम्ही घरीच केली

एजंटशिवाय शेंगेन व्हिसा (ग्रीससकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) होतो का असं ऑफिसात आणि आमच्या बिल्डिंगमध्ये इतक्या जणांनी विचारलं की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. होतो. आमचा तिघांचा झाला, मी नोकरी करणारी, बाबा म्युनिसिपल शाळेतून इतिहासाचे शिक्षक म्हणून रिटायर, आई गृहिणी, आणि आईबाबांचा हा पहिलाच परदेश प्रवास.

ग्रीसच का, तर बाबांमुळे. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी (जुन्या लेखांत ग्रीक लोकांना यवन म्हणत) दिलेल्या दानाचे लेख आहेत, ते वाचायला बाबा शाळेच्या सहली घेऊन जायचे, आणि हे यवन म्हणजे कोण, कुठून आले, हे मुलांना सांगता सांगता त्यांना स्वतःलाच ग्रीसचं वेड लागलं. आधी आम्ही एका एजंटकडे गेलो होतो, त्याने सरळ सँटोरिनी-मायकोनॉस या बेटांचं पॅकेज समोर ठेवलं, डेल्फीचं प्राचीन देवस्थान म्हटल्यावर म्हणाला तिथे काय दगडच आहेत. बाबा काही बोलले नाहीत पण खाली उतरल्यावर म्हणाले आपण आपलं करू. मला तेव्हा टेन्शन आलं होतं पण आज वाटतं तेच बरं झालं, कारण या फाईलचा कणा म्हणजे आपला दिवसावार प्लॅन, आणि तो दुसऱ्याने बनवलेला असला की आपल्यालाच तो धड सांगता येत नाही.

म्हणून आधी प्लॅन. अथेन्स, डेल्फी, मेटेओरा, नाफ्प्लिओ, एवढंच. बेटं मुद्दाम सोडली, फेरीने एवढा वेळ प्रवास आईला झेपला नसता. महिना ऑक्टोबर, कारण उन्हाळ्यात तिकडे एवढं तापतं की जुलैत अक्रोपोलिस (अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी) भर दुपारी काही तास बंद ठेवायची वेळ गेल्या काही वर्षांत आलेली आहे, आणि बाबांना बीपी. एक नियम इथेच सांगते, शेंगेनमध्ये एकापेक्षा जास्त देश करणार असाल तर जिथे सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी उतरणार तिथे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून भलत्याच देशाकडे अर्ज करायचे सल्ले लोक बिनधास्त देतात, ऐकू नका. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण शेवटच्या तारखेची वाट कशाला बघायची, सुट्ट्यांच्या सीझनमध्ये स्लॉटच मिळत नाहीत.

आता कागद. पासपोर्ट १० वर्षांच्या आत काढलेला हवा, परत येण्याच्या तारखेनंतर निदान ३ महिने चालणारा हवा आणि दोन पानं कोरी. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा, फोटोवाल्याला नुसतं पासपोर्ट साईज म्हणू नका, शेंगेनचा म्हणा, त्यांना कळतं. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोच्या कव्हरचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, आणि मुक्कामाचे सगळे दिवस धरून. बाबांच्या वयामुळे प्रीमियम जास्त पडला पण तिथे काटकसर केली नाही, आणि आधीपासूनच्या आजाराचं काय ते पॉलिसीत नीट वाचून घेतलं. हॉटेलं कॅन्सल होतील अशी, विमानाचं फक्त रिझर्वेशन, व्हिसा हातात पडेपर्यंत नॉन-रिफंडेबल काही घ्यायचं नाही.

पैशाचे कागद म्हणजे माझ्या सॅलरी स्लिपा, आयटीआर, ऑफिसचं रजा मंजूर केल्याचं लेटर, बाबांचे पेन्शनचे कागद, एफडीच्या पावत्या, सगळ्यांची बँक स्टेटमेंट बँकेच्या सही-शिक्क्यासकट. खात्यात महिनोन्महिने जशी उलाढाल असते तशीच दिसली पाहिजे, अर्जाच्या आदल्या आठवड्यात कोणाकडून तरी मोठी रक्कम आणून टाकली की ती लगेच डोळ्यात भरते.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर आईच्या नावात. आपल्याकडे बाईची दोन नावं, दोन आडनावं, मधलं नाव आधी वडलांचं मग नवऱ्याचं. पासपोर्टवर आईचं लग्नानंतरचं पूर्ण नाव, पॅनवर तेच, पण एका जुन्या खात्यावर माहेरचं आडनाव तसंच राहिलेलं, कारण ते खातं आजोबांनी उघडून दिलेलं आणि आईने ते कधी बदलू दिलं नाही. ब्रँचमध्ये पॅन, पासपोर्ट आणि लग्नाचं सर्टिफिकेट दाखवून नाव बदलून घेतलं, मग नव्याने स्टेटमेंट काढलं. आई तेवढ्यापुरती हळवी झाली, जुनं पासबुक तिने मागून घेतलं, ते अजून तिच्या कपाटात आहे. तुमच्याकडे असं काही असेल तर अपॉइंटमेंट घ्यायच्या आधीच सगळ्या कागदांवरची नावं एका टेबलावर पसरून अक्षर न् अक्षर जुळवून बघा, बँकेचं काम एका दिवसात होत नाही.

कव्हरिंग लेटर बाबांनी लिहिलं आणि इंग्रजी मी केलं. कुठे का जातोय, खर्च कोण करतंय, परत का येणार, एवढंच, दीड पानाच्या आत. कार्ल्याचे यवन त्यात आलेच, मी काढायला गेले तर बाबा म्हणाले खरं कारण आहे ते राहू दे. राहू दिलं.

व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सेंटरला मुलुंडहून लवकर निघालो, लोकलच्या गर्दीत दोघांना फाईलींसकट घालायचं नव्हतं म्हणून टॅक्सी. काउंटरवरच्या मुलीने कागद लिस्टप्रमाणे लावून घेतले, फी भरली, मोठ्यांची ९० युरो अधिक सेंटरचा सर्व्हिस चार्ज, आणि नकार आला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. मग बायोमेट्रिक. तिथे आईची बोटं उमटेनात. इतकी वर्षं भांडी, कपडे, पाटा-वरवंटा, रेघा झिजून गेल्यात, आधारच्या वेळी पण हेच झालं होतं. मशीनवर लाल दिवा लागला की आई अपराध्यासारखी माझ्याकडे बघायची, मला फार वाईट वाटलं. तिथला मुलगा मात्र चांगला होता, घाई केली नाही, ओला टिश्यू दिला, हात पुसून पुन्हा, एकेक बोट तो वरून हलकेच दाबून धरत होता, काकू आरामात म्हणत. झालं शेवटी. घरच्या वयस्कर माणसांना आदल्या रात्री हाताला क्रीम किंवा तेल चोळून ठेवायला सांगा, आत जायच्या आधी हात स्वच्छ पुसा.

निर्णय सेंटर घेत नाही, तो त्या देशाचा दूतावास घेतो, त्यामुळे काउंटरवर मिळेल ना हो विचारून उपयोग नसतो. नियमाने १५ दिवस, जास्त कागद लागले तर ४५ पर्यंत जाऊ शकतं. पासपोर्ट आले की स्टिकरवर नाव, तारखा, किती दिवसांचा मुक्काम आणि किती एन्ट्री ते तिथल्या तिथे वाचा.

मग तिकिटं पक्की केली आणि त्याच दिवशी अक्रोपोलिसची वेळ ठरवून तिकिटं काढली. हे विसरू नका, तिथे आता दिवसाला २०,००० माणसांचीच मर्यादा आहे, तासाचे स्लॉट असतात, आम्ही सकाळचा पहिला घेतला. वरचा संगमरवर लाखो पावलांनी गुळगुळीत झालाय, चपला अजिबात नकोत, आईला ग्रिपचे बूट दादरहून घेतले होते ते कामी आले. तिथलं पार्थेनॉन मंदिर इसपू ४४७ मध्ये बांधायला घेतलं आणि दोन हजार वर्षं तसं बऱ्यापैकी उभं होतं, १६८७ मध्ये तुर्कांनी आत दारूगोळा ठेवलेला आणि व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा नेमका त्यावर पडला, तेव्हा ते फुटलं. बाबा हे आईला सांगत होते तर आजूबाजूचं एक गुजराती कुटुंब पण थांबून ऐकायला लागलं.

डेल्फी अथेन्सपासून १८० किलोमीटरच्या आसपास, पार्नासस डोंगराच्या कुशीत, आणि नुसते दगड म्हणणाऱ्याला मी तिथल्या म्युझियममधला ब्राँझचा सारथी दाखवेन. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीचा, रथ आणि घोडे गेले, हातात लगामाचे तुकडे राहिलेत, डोळे जडवलेले आणि पापण्यांचे केस तांब्याच्या बारीक पट्टीचे, अजून शाबूत. जवळ जाऊन बघा, लांबून पापण्या दिसत नाहीत.

गुडघेवाल्यांसाठी दोन गोष्टी. मेटेओराला उंच कड्यांवर आता सहा ख्रिस्ती मठ चालू आहेत, ग्रेट मेटेओरॉनला शेकडो पायऱ्या आहेत, पण सेंट स्टीफनला रस्त्यावरून छोट्या पुलाने जवळजवळ सरळ आत जाता येतं, आम्ही आईला तिथेच नेलं. बायकांना पँट चालत नाही, स्कर्ट लागतो, आईचा पंजाबी ड्रेस होता, वरून ओढणी गुंडाळली आणि चाललं. प्रत्येक मठाचा बंद वार वेगळा असतो तो आधी बघून जा. आणि नाफ्प्लिओचा पलामिदी किल्ला चढायचा तर पायऱ्या ९९९ आहेत असं तिथे सगळे सांगतात, पण मागून थेट दरवाज्यापर्यंत गाडीरस्ता आहे, वर टॅक्सीने जा आणि ज्यांना जमेल त्यांनी खाली पायऱ्यांनी उतरा. व्हेनिसवाल्यांनी तो १७१४ ला बांधून पुरा केला आणि १७१५ ला तुर्कांनी घेतला पण, एवढे बुरुज, एवढी तटबंदी, आणि वर्षात गेला. बाबा तिथे सगळ्यात जास्त वेळ रमले, एकेक बुरुज फिरून बघितला, त्या दिवसाला प्लॅनमध्ये दुसरं काहीच ठेवू नका.