ग्लॅमिसला निघण्यापूर्वी

आजचा अख्खा शनिवार ट्रेलरच्या चाकांपाशी गेला. ऑक्टोबर उजाडला की दक्षिण कॅलिफोर्नियातील ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांचा हंगाम सुरू होतो. पण पोटात वाळूवरच्या गाड्या घेऊन निघणाऱ्या टॉय हॉलर या ट्रेलरची खरी परीक्षा तिथवरच्या रस्त्यावरच होते.

टायरची नक्षी शाबूत दिसली तरी मी तिच्यावर विसंबत नाही. कडेला उमटवलेल्या क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांवरून टायर कोणत्या वर्षी, कितव्या आठवड्यात बनला ते कळते, आणि वर्षभर उन्हात उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर बहुधा झिजण्याआधीच तडकतात. बेअरिंगमधले काळवंडलेले ग्रीस पुसून नवे भरले. हात अजून काळेच आहेत.

ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा, कारण आतल्या गाड्या मागे सरकल्या की तो कमी होतो आणि वेगात ट्रेलर डोलू लागतो. सॅन डिएगोहून आठ क्रमांकाच्या महामार्गाने ४,००० फुटांहून उंच चढून वाळवंटात उतरताना ब्रेक तापवत बसण्यापेक्षा आधीच खालचा गिअर टाकलेला बरा. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवोत बापडे.

चाकांचे नट उद्या टॉर्क रेंचने, म्हणजे नेमक्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने, आवळायचे आहेत आणि रस्त्यात पहिल्या पन्नासेक मैलांनंतर पुन्हा तपासायचे आहेत.