तामालेतील तरुणांच्या गटाचे बँक खाते आणि न उमटणारा अंगठा

घानाच्या उत्तर भागात तरुणांचा एखादा गट उभा करून त्याला स्थानिक शासनाचे काम मिळवून द्यायचे असेल, तर गट जमवणे, नियमावली लिहिणे आणि नोंदणी करणे या गोष्टींचीच लोक अधिक धास्ती घेतात. खरी कसोटी बँकेच्या काउंटरवर लागते, हे माझे मत आता पक्के झाले आहे. मी तामाले शहरात एका छोट्या संस्थेसाठी काम करते. शहराच्या कडेच्या वस्तीतील तरुण-तरुणींच्या एका सहकारी गटाचे खाते उघडताना जे घडले ते सविस्तर लिहिते आहे, कारण त्यातला मुख्य अडथळा कोणत्याही माहितीपत्रकात आम्हाला सापडला नव्हता.

आधी हा गट कशासाठी, ते सांगायला हवे. उत्तर घानात वर्षाकाठी पावसाचा एकच हंगाम येतो, आणि पिके निघाली की कोरड्या महिन्यांत हाताला काम उरत नाही. त्यामुळे येथील अनेक मुली दक्षिणेकडे, अक्रा आणि कुमासीच्या बाजारपेठांत, डोक्यावर ओझी वाहण्याच्या कामाला जातात; त्यांना तिथे 'कायायेई' म्हणतात. आमच्या गटातल्या काही जणी त्या कामावरून परतलेल्या होत्या आणि त्यांना पुन्हा जायचे नव्हते. मात्र गटाची सुरुवात रोजगारातून झाली नाही, ती एका प्रश्नातून झाली. घानाच्या २०१६ च्या स्थानिक शासन कायद्याने नागरिकांच्या सहभागाची जबाबदारी असेंब्लीवर, म्हणजे शहराचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक शासन संस्थेवर, टाकली आहे, आणि दरवर्षीचे शुल्क ठरवण्यापूर्वी असेंब्ली रहिवाशांची बैठक घेते. अशा बैठकीला ही मुले गेली आणि कचऱ्याचे शुल्क घेतले जाते, तरी आमच्या वस्तीतील कचरापेट्या भरून का वाहतात, असे त्यांनी उभे राहून विचारले. डिसेंबर २०२३ मध्ये असेंब्लीच्या निवडणुका झाल्या तेव्हाही त्यांनी उमेदवारांना हेच विचारले होते. या निवडणुका पक्षविरहित असतात आणि असेंब्लीचे साधारण ७० टक्के सदस्य त्यातून निवडून येतात, त्यामुळे उमेदवाराला वस्तीला थेट उत्तर द्यावे लागते. बैठकीत अधिकाऱ्यांचे उत्तर असे आले की, तुम्ही घरोघरचा कचरा उचलायला तयार असाल तर नोंदणीकृत संस्था म्हणून आणि संस्थेच्या नावाचे बँक खाते घेऊन या. नागरिक म्हणून विचारलेल्या प्रश्नातून रोजगाराची वाट निघाली, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

नोंदणीचे टप्पे सुरळीत पार पडले. सहकारी संस्थेसाठी येथे किमान १० सभासद लागतात, आणि आमच्याकडे त्याहून अधिक होते. वस्तीच्या प्रमुखांकडे रिवाजाप्रमाणे कोला, म्हणजे मान म्हणून द्यायच्या कोला झाडाच्या बिया, घेऊन जाऊन त्यांना आधी कल्पना दिली, आणि हे कोणीही टाळू नये, कारण पुढे शेजारपाजारच्या शंका त्यांनीच मिटवल्या. घरांना क्रमांक नसल्याने पत्त्याच्या जागी मोबाइलवरून मिळणारा डिजिटल पत्ता लिहिला. नियमावली लिहिताना वयाचा मुद्दा मात्र नीट विचारात घ्यावा. घानाच्या युवा धोरणात आणि २००६ साली बांजुल येथे स्वीकारलेल्या आफ्रिकी युवा सनदेत तरुण म्हणजे १५ ते ३५ वर्षांची व्यक्ती, आणि आमचा एक कार्यकर्ता त्या मर्यादेच्या अगदी जवळ आला होता. ३५ ओलांडल्यावर सभासदत्व राहील, पण पद राहणार नाही, असे आम्ही आधीच लिहून ठेवले आणि पुढचा वाद टाळला.

मोबाइल मनी असताना बँक कशाला, असे बरेच जण विचारतात. येथे भाजीवालीपासून गवंड्यापर्यंत सगळे मोबाइलवरच पैसे घेतात आणि गटाची सुरुवातीची वर्गणीही तशीच एका सभासदाच्या नंबरवर जमा होत होती. पण तो नंबर व्यक्तीच्या नावावर असतो, त्यातले पैसे कायद्याने त्या व्यक्तीचे ठरतात, आणि ती उद्या कुमासीला निघून गेली तर गटाच्या हातात काही उरत नाही. शिवाय असेंब्लीची अट संस्थेच्या नावाच्या खात्याचीच होती.

म्हणून आम्ही एका बँकेच्या वस्तीजवळच्या शाखेत गेलो. खात्यावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार अशा तिघांच्या सह्या ठरल्या होत्या. घानाच्या मध्यवर्ती बँकेने १ जुलै २०२२ पासून बँक व्यवहारांसाठी 'घाना कार्ड' हेच एकमेव ओळखपत्र ठरवले आहे, आणि ते नुसते दाखवून भागत नाही. काउंटरवरच्या छोट्या यंत्रावर बोट ठेवायचे, ते राष्ट्रीय नोंदीतल्या ठशाशी जुळले की मगच पुढचा अर्ज उघडतो. अध्यक्ष आणि सचिव या दोघांची बोटे लगेच जुळली. खजिनदाराचे एकही बोट जुळले नाही.

आमची खजिनदार लहानपणापासून आईबरोबर शिया बटर, म्हणजे शिया झाडाच्या बियांतली लोण्यासारखी चरबी, करत आली आहे. बिया फोडायच्या, भाजायच्या, दळून आणलेला लगदा पाणी घालून वर चरबी येईपर्यंत तासन्‌तास हातांनी घुसळायचा, असे ते काम असते. कार्ड काढले तेव्हा तिचे ठसे उमटले होते. त्यानंतर ती बांधकामावर सिमेंट कालवण्याच्या कामाला गेली आणि बोटांवरच्या रेषा झिजल्या. काउंटरवरच्या तरुणाने उद्धटपणा केला नाही, हे नमूद करायला हवे. पण त्याच्याकडे उत्तर एकच होते: हात स्वच्छ धुऊन पुन्हा या. आम्ही पुन्हा गेलो, आणि पुन्हा गेलो. दर वेळी रांग, दर वेळी तेच यंत्र, त्याच्यावरचा तोच लाल दिवा आणि मागे उभ्या असलेल्या लोकांसमोर तिचे ओशाळे झालेले तोंड. शेवटी शाखेच्या व्यवस्थापकांनी सुचवले की, खजिनदार बदला, म्हणजे काम आजच होईल.

या सूचनेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिला सभासदांनी हात वर करून निवडले होते, कारण वस्तीतली सुसू, म्हणजे आपल्याकडच्या भिशीसारखी रोजच्या बचतीची पद्धत, तिने कित्येक वर्षे एका पैशाचीही गफलत न करता चालवली होती. तिन्ही पदाधिकाऱ्यांत बाई ती एकटीच. कष्टाने ज्यांचे ठसे पुसले गेले त्यांना पद नाही आणि ज्यांच्या बोटांना माती लागलेली नाही त्यांना ते मिळेल, असा नियम कोणीही लिहिलेला नसताना तो काउंटरवर आपोआप लागू होत होता. आणि ज्या तरुणांसाठी पश्चिम आफ्रिकेत इतके रोजगार कार्यक्रम आखले जातात त्यांच्यातल्या नेमक्या गरजू मुलांनाच तो बाहेर ठेवत होता.

त्या संध्याकाळी गटाची बैठक झाली. पाऊस तोंडावर आला होता, कचऱ्याने गटारे तुंबण्याआधी काम सुरू व्हायला हवे होते, आणि ज्या तीनचाकी मालगाडीला तामालेत सगळे 'मोटरकिंग' म्हणतात ती घेण्याची बोलणी अर्ध्यावर होती. काही जणांनी खजिनदार बदलण्याची बाजू मांडली आणि त्यांची घाई मला समजत होती. तिने स्वतःही राजीनामा देऊ केला. बरीच चर्चा होऊन मत घेतले गेले आणि बहुमताने तिलाच कायम ठेवायचे ठरले. मी त्या चर्चेत बोलले नाही, कारण तो निर्णय त्यांचा होता. पण त्या दिवशी त्या मुलांचा मला अतिशय अभिमान वाटला.

हा अडथळा मला ओळखीचा होता. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून रिकामी पिशवी घेऊन परतलेल्या ऊसतोड बाया मी पाहिल्या आहेत. त्यामुळे अशा वेळी यंत्राशी झगडण्यात अर्थ नसतो, दुसरा मार्ग कोणता आहे हे नियम ठरवणाऱ्यांकडूनच काढून घ्यावे लागते, हे मला ठाऊक होते. आणि आम्हाला त्यासाठी मोठा आधार खुद्द घानाच्या निवडणुकांनी दिला. २०१२ साली ठसे पडताळणारी यंत्रे ठिकठिकाणी बंद पडली आणि काही केंद्रांवर मतदान दुसऱ्या दिवशीही घ्यावे लागले होते. पुढे २०२० च्या निवडणुकीपासून बोट जुळले नाही तर चेहऱ्यावरून ओळख पटवणारी यंत्रे आली. आमच्या खजिनदाराने डिसेंबर २०२४ मध्ये अशीच चेहऱ्यावरून ओळख पटवून मतदान केले होते. राष्ट्राध्यक्ष निवडायला जी ओळख पुरते, ती कचऱ्याच्या शुल्काचे खाते चालवायला का पुरू नये, असा प्रश्न आम्ही अर्जात सरळ मांडला.

अर्जावर तिन्ही पदाधिकाऱ्यांच्या सह्या होत्या, सोबत नोंदणीची प्रत आणि बैठकीचा ठराव जोडला होता, आणि शेवटी एवढेच मागितले होते की, खाते नाकारायचे असेल तर कारण लेखी द्यावे. लेखी नकार मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलला. चेहऱ्यावरून पडताळणीची सोय बँकेच्या प्रणालीत होती, पण ती शहरातल्या मोठ्या शाखेत, आणि ती वापरायला अक्रातल्या मुख्य कार्यालयाची परवानगी लागत होती. ती परवानगी येईपर्यंतचा काळ फार जड गेला. विचारायला गेले की 'अक्राहून कळवतील', एवढेच ऐकू यायचे, आणि दरम्यान पहिला पाऊस पडूनही गेला. परवानगी आल्यावर मोठ्या शाखेत तिला कॅमेऱ्यासमोर बसवले आणि ओळख क्षणात जुळली. इतके दिवस जे अशक्य म्हणून सांगितले जात होते ते बँकेच्या स्वतःच्या संगणकात आधीपासून होते, छोट्या शाखेत ते कोणाला शिकवलेले नव्हते, इतकीच त्यामागची हकीकत निघाली. तिच्या सुटकेच्या हसण्याने मलाही फार बरे वाटले, पण चीड त्याने कमी झाली नाही.

आता आठवतील तशा काही गोष्टी लिहिते. ठसे जुळत नसतील तर दहाही बोटांनी प्रयत्न करू द्या असा आग्रह धरावा, कारण काउंटरवर बहुधा अंगठा आणि तर्जनी यांवरच थांबतात. वाळवंटाकडून हरमाटान वारा येतो त्या कोरड्या महिन्यांत त्वचा फुटते, तेव्हा आदल्या रात्री बोटांना शिया बटर चोळून सकाळी कोमट पाण्याने धुवावे आणि यंत्रावर ठेवण्यापूर्वी पूर्ण कोरडी करावीत. आमच्या सचिवाच्या भावाला याचा उपयोग झाला, खजिनदाराला झाला नाही. नावाचे स्पेलिंग कार्डावर, ठरावात आणि नियमावलीत अक्षर न अक्षर सारखे ठेवावे, कारण येथे फुसेनी किंवा मोहम्मद ही नावे प्रत्येक कागदावर निराळ्या स्पेलिंगने लिहिलेली सापडतात आणि त्यासाठी पुढे शपथपत्र करावे लागते. मोटरकिंगची आगाऊ रक्कम खाते उघडल्याशिवाय देऊ नये. बँकेत एकट्या पदाधिकाऱ्याला पाठवू नये. वस्तीतून निवडून आलेले असेंब्ली सदस्य एकदा आमच्यासोबत आले, त्या दिवशी आम्हाला प्रथमच बसायला खुर्च्या मिळाल्या.

करार खाते उघडल्यानंतर झाला आणि काम सुरू आहे. शेजारच्या वस्तीतील मुले आता त्यांच्या गटासाठी विचारायला येतात. पदाधिकारी निवडून झाले की खात्याचा अर्ज भरण्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात तिघांनाही बँकेत नेऊन ठसे तपासून घ्या, असे मी त्यांना सांगते. कोणाचे जुळले नाहीत तर माणूस बदलू नका. चेहऱ्यावरून पडताळणीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि त्याची पोचपावती शिक्का मारून घ्या.