तेरा रुपये सहा आणे

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मला बायनरी, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिणं, येत होतं, पण कळत नव्हतं. दोनाने भागत जायचं, बाकी उलट्या क्रमाने लिहायची, उत्तर बरोबर. पण २१४ चं ११०१०११० का होतं, हे कुणी विचारलं असतं तर गप्प बसले असते. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळावर चालणाऱ्या संख्यापद्धतीत, आकड्यांच्या रांगेत ए ते एफ आले, तेव्हा तर वहीच मिटली.

ठाण्यातल्या नौपाड्यात आजोबांकडे बसून गणितं करत होते. "हे सोळाचं काय चाललंय?" त्यांनी विचारलं. म्हटलं, दहाऐवजी सोळा झाले की पुढच्या घरात एक. "म्हणजे आणेच की!" आणि त्यांनी कपाटातून जुन्या नाण्यांचा डबा काढला. १९५७ साली नवे पैसे आले, तोवर रुपया सोळा आण्यांचा होता.

त्यांनी चार नाणी ओळीने मांडली: अधेली, पावली, चौकोनी चवली, कंगोऱ्यांचा आणा. आठ, चार, दोन, एक. "तेरा आणे दे बघू." मी अधेली, पावली आणि आणा पुढे सरकवला. चवली जागेवरच राहिली. आहे, आहे, नाही, आहे. ११०१! कितीतरी वेळ मी त्या नाण्यांकडे बघत राहिले. शून्यापासून पंधरापर्यंतची कुठलीही रक्कम या चौघांतून निघते, तीही एकाच प्रकारे. सोळावा आणा आला की रुपया. म्हणून चार बिटांना, म्हणजे बायनरीच्या चार घरांना, हेक्साडेसिमलचं एक चिन्ह पुरतं. आणि दहा ते पंधरा एकाच घरात मावायचे, म्हणून ए ते एफ. तेरा म्हणजे डी.

"आजोबा, २१४ आणे म्हणजे किती?"

"तेरा रुपये सहा आणे." कागद नाही, पेन नाही.

डी६. तेराचे ११०१, सहाचे पावली-चवली म्हणजे ०११०. शेजारी शेजारी लिहिले, तर वहीतलंच उत्तर. भागाकाराची रीत आधी शिकवणं मला आजही चुकीचं वाटतं. आधी प्रत्येक घराची किंमत हाताला कळायला हवी.

संध्याकाळी तलावपाळीवर फिरताना मोबाइलवर ठाण्याच्या 'ठ'चा युनिकोड, म्हणजे संगणकातला त्या अक्षराचा क्रमांक, शोधला. तो हेक्साडेसिमलमध्येच लिहितात: ०९२०. शेवटचे २० म्हणजे वीस नव्हेत, दोन रुपये, बत्तीस आणे. त्याआधीचं घर सोळा रुपयांचं, २५६ आण्यांचं. नऊ वेळा २५६, म्हणजे २३०४, अधिक ३२. बाकावर बसून आजोबांनी माझ्याआधी सांगितलं: २३३६.