आखर

शहरात मोकळी जागा म्हटली की बगिचा आठवतो. आमच्या भंडाऱ्याकडे गावाला आखर असतो. घरं संपली की लागणारी, एखाददुसऱ्या कडुनिंबाच्या सावलीची उघडी जागा.

सकाळी गायकी, म्हणजे गावाचा गुराखी, हाळी देतो आणि घराघरांतून सुटलेली ढोरं इथं जमतात. चरायला निघेपर्यंत ती नुसती उभी असतात, आणि तेवढ्या वेळात शेणाचा कारभार उरकतो. टोपली घेऊन आलेल्या बाया शेणाच्या पोवर काडी खोचतात आणि पुढच्या गाईमागे जातात. काडी दिसली की ते शेण दुसरी कुणी उचलत नाही. सातबारा नाही, फेरफार नाही, काडी हाच ताबा. भांडण होतं ते काडी आधी कुणाची यावरून, आणि ते मात्र दुपारपर्यंत चालतं.

ढोरं गेली की पोरांचं क्रिकेट. पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्यांची, म्हणजे पोळ्याला म्हणायच्या यमकी ओळींची, चढाओढ लागते. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा : दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्री नाटक. चादरी गुंडाळून माणसं पहाटेपर्यंत बसतात. एवढ्या थंडीत शेतावर जागलीला जा म्हटलं तर याच लोकांची कंबर दुखते.

मालगुजारीच्या, म्हणजे इकडच्या जमीनदारीच्या, काळात असल्या जागा कागदोपत्री मालगुजाराच्या. १९५१ साली मालगुजारी गेली, जागा सरकारच्या झाल्या, वापर गावाचाच राहिला. ढोरं चारणं, सरपण आणणं अशा वापराला आमच्याकडे निस्तार म्हणतात, आणि १९६६च्या जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रकाची तरतूदही आहे. गावात ते पत्रक किती जणांनी पाहिलं असेल, देव जाणे. पाहायची गरजच पडत नव्हती.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जागांवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. पण अतिक्रमण नेहमी धनदांडगाच करतो असं नाही, कधी ते सुशोभीकरणाच्या निधीतून येतं. ट्रॅक्टर आले, ढोरं घटली, गायकी मिळेनासा झाला आणि आखर कुणाला तरी रिकामा दिसू लागला. मग भिंत आली, पेव्हर ब्लॉक आले, व्यायामाची यंत्रं आली. यंत्रांच्या दांड्यांवर आता लुगडी वाळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, काहीतरी उपयोग होतोय. खटकतं ते फाटक.

पोळ्याच्या तोंडावर म्हातारी मंडळी त्या फाटकाशी जमली. एका आजोबांनी हातातल्या काठीनं रुंदी मोजली आणि मान हलवली. पंचायतीतला एक तरुण म्हणाला, "आजा, एकेक बैल न्या ना आत."

आजोबा उखडले. "मंग जोडी कायले मनतेत गा त्याले?"